मल्लविद्येचे पोशिंदे : राजर्षी शाहू महाराज

कोल्हापूरचे नाव काढताच अंबाबाईचे प्राचीन देऊळ, रंकाळ्याचे विस्तीर्ण पाणी आणि पन्हाळ्याचा इतिहासप्रसिद्ध किल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांच्याच बरोबरीने आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे तेथील तांबडी माती आणि त्या मातीत घुमणारे मल्ल. कुस्तीची पंढरी असा या नगरीचा लौकिक सर्व भारतात पसरलेला आहे. हा लौकिक कोल्हापूरला एका दिवसात लाभला नाही. पंचगंगेच्या काठी अंगापिंडाने दणकट माणसे पूर्वीपासूनच होती. परंतु नुसत्या दणकट अंगाने कोणी मल्ल होत नाही. बी कितीही सकस असले, तरी त्याला नांगरलेली जमीन, वेळेवर पाणी आणि राखण करणारा धनी लागतो. कोल्हापूरच्या मल्लविद्येला असा धनी लाभला, तो राजर्षी शाहू महाराजांच्या रूपाने.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव घाटगे हे आबासाहेब या नावाने ओळखले जात. आईचे नाव राधाबाई. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनी त्यांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. त्या वेळी त्यांचे वय दहा वर्षांचेही नव्हते. दोन वर्षांनी, १८८६ साली, वडिलांचेही छत्र हरपले. ज्या वयात मुले निश्चिंतपणे सूरपारंब्या खेळतात, त्या वयात या मुलाच्या माथी एका मोठ्या गादीचा भार आला आणि मायेने पाठीवर हात ठेवणारे आईवडील मात्र उरले नाहीत. पुढील आयुष्यात परक्यांच्या मुलांविषयी त्यांनी जी कळकळ दाखवली, तिचे मूळ या बालपणात असावे, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांचे शिक्षण प्रथम राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे झाले. धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकांनी त्यांना भाषा, इतिहास आणि राज्यकारभार या विषयांचे धडे दिले. अभ्यासाइतकीच महाराजांना व्यायामाचीही गोडी होती. अश्वारोहण आणि शिकार यांत ते तरबेज होते. कुस्तीचा तर त्यांना विलक्षण नाद होता. तरुणपणी ते स्वतः लंगोट कसून मातीत उतरत. राजपुत्र म्हणून त्यांना सज्जात बसून कुस्ती पाहता आली असती. परंतु अंगाला माती लावल्यामुळे या विद्येतील कष्ट आणि मर्म त्यांना आतून समजले. मल्लाला केव्हा दम लागतो, त्याला काय खावे लागते, कोणत्या वयात कोणता व्यायाम सोसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. स्वतः घाम गाळलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या घामाची खरी किंमत कळते.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. राज्य हाती आले, त्याबरोबर संकटेही आली. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. त्यापाठोपाठ प्लेगने थैमान घातले आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा अवर्षण झाले. महाराज घोड्यावर बसून खेडोपाडी हिंडले. रयतेला स्वस्त दराने धान्य मिळावे, म्हणून त्यांनी दुकाने उघडली आणि हाताला काम मिळावे, म्हणून कामे काढली. या भ्रमंतीत त्यांना आपले राज्य जवळून दिसले. शेतकऱ्यांची, धनगरांची, मोलमजुरी करणाऱ्यांची मुले त्यांनी पाहिली. त्यांपैकी कित्येकांची छाती रुंद होती, मनगटे भक्कम होती, डोळ्यांत चमक होती. परंतु पोटाला पुरेसे अन्न नव्हते आणि हाताला धरून पुढे नेणारा कोणी नव्हता. ही शक्ती अशीच शेताच्या बांधावर विरून जात होती.

कुस्ती हा वरवर पाहता मोठा स्वस्त खेळ दिसतो. त्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, उंची पोशाख लागत नाही. एक लंगोट आणि थोडी मोकळी माती एवढ्यावर काम भागते. प्रत्यक्षात मात्र मल्ल घडवणे हे मोठे खर्चाचे काम आहे. दिवसातून दोन वेळा हाडे मोडेपर्यंत मेहनत करणाऱ्या तरुणाला दूध, तूप आणि बदाम यांचा खुराक लागतो. खुराक नसेल, तर तीच मेहनत अंगाला बाधते. शिवाय वाढत्या वयाचा मुलगा तालमीत राहिला, म्हणजे शेतातले दोन हात कमी होतात. गरीब बापाने मुलाच्या अंगातील गुण ओळखला, तरी तो त्याला तालमीत धाडणार कसा? आणि धाडला, तर त्याला खाऊ घालणार काय? या एकाच प्रश्नापाशी अनेक होतकरू मुलांची वाट अडत होती.

महाराजांनी नेमक्या याच ठिकाणी हात घातला. त्यांनी मल्लांना पदरी ठेवले, त्यांच्या खुराकाची व्यवस्था केली आणि तालमींना उदार साहाय्य दिले. जो पोरगा चांगला दिसेल, त्याला दरबारचा आश्रय मिळू लागला. कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी भरभराटीला आल्या. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे पुढे सर्व देशाला परिचित झाली. त्यांपैकी शाहूपुरी ही पेठ महाराजांनीच १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवली होती. शहराचे हे लोण खेड्यांतही पोचले. गावात देऊळ असावे, तशी तालीमही असावी, असे लोकांना वाटू लागले. तालमीत मुलगा गेला, तर तो वाया गेला, असे म्हणण्याचे दिवस सरले.

तालीम म्हणजे केवळ व्यायामाची जागा नव्हे. ती एक शाळाच असते. तिचा दिवस पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी सुरू होतो. आत शिरताच मारुतीरायाची मूर्ती आणि समोर मातीचा हौद दिसतो. या हौदातील माती साधी नसते. चाळून बारीक केलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मिसळतात. त्यामुळे माती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगाला ती अपाय करीत नाही. मुले प्रथम फावड्याने हौद उकरतात. हे कामही मेहनतीचाच भाग असते. मग जोर, बैठका आणि सपाट्या सुरू होतात. आरंभी पाच-पंचवीस, पुढे शेकड्यांनी. त्यानंतर लढत. थोरला मल्ल लहान मुलाशी लढतो, तेव्हा त्याला पाडण्यासाठी लढत नाही. आपल्या अंगावर त्याला डाव करू देतो, चुकला तर थांबवतो आणि पुन्हा करायला लावतो. पट कसा काढावा, ढाक केव्हा मारावी, कलाजंग कसा बसवावा, हे सांगून कळत नाही. ते अंगात भिनावे लागते. प्रत्येक डावाला तोड असते आणि त्या तोडीलाही पुन्हा उत्तर असते. म्हणून शक्तीबरोबर बुद्धीही तितकीच चपळ असावी लागते.

या शाळेचा गुरू म्हणजे वस्ताद. वस्तादाचे डोळे हौदावर असतात. कोणता मुलगा आळस करतो, कोण रागाच्या भरात आंधळा होतो, कोण पडल्यावर लगेच उठतो, हे त्याच्या दृष्टीतून सुटत नाही. चांगला वस्ताद मुलाला घाई करू देत नाही. अंगात पुरते बळ आल्यावाचून मोठ्या जोडीशी भिडवले, तर मुलाचे शरीर मोडते आणि त्याहून वाईट म्हणजे मन मोडते. फार दिवस मागे ठेवले, तर त्याची धार बोथट होते. हा तोल सांभाळणे हीच वस्तादाची खरी विद्या. महाराजांना वस्तादाचे हे मोल पुरेपूर ठाऊक होते. म्हणून त्यांच्या दरबारी मल्लाइतकाच मल्ल घडवणाऱ्यालाही मान होता.

खुराक आणि वस्ताद मिळाले, तरी आणखी एका गोष्टीची उणीव राहते. आपल्याच तालमीतल्या गड्यांशी रोज लढणाऱ्या मुलाला आपण फार मोठे झालो, असे वाटू लागते. विहिरीतल्या बेडकाला विहीरच समुद्र वाटावी, तसा हा प्रकार. त्या काळी पंजाबातील मल्लांचा भारतभर दबदबा होता. उंच, धिप्पाड आणि डावपेचांत मुरलेल्या त्या पहिलवानांपुढे उभे राहणे सोपे नव्हते. महाराजांनी अशा नामांकित मल्लांना आदराने कोल्हापुरात बोलावले आणि त्यांना आश्रय दिला. त्यांच्याशी लढताना कोल्हापूरचे मल्ल आरंभी हरत; परंतु प्रत्येक हारीतून ते काहीतरी उचलत. उत्तरेकडची मेहनत, तिकडचे डाव, तिकडचा आहार यांचा परिचय त्यांना घरबसल्या झाला. आपल्या मुलांना सोपे विजय मिळवून देण्यापेक्षा कठीण प्रतिस्पर्धी मिळवून देणे हे त्यांच्या अधिक हिताचे आहे, ही महाराजांची दृष्टी यातून दिसते.

१९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेला गेले. या प्रवासात त्यांनी युरोपातील अनेक शहरे पाहिली. इटलीतील रोम या शहरात कोलोसियम नावाची एक अतिप्राचीन लंबवर्तुळाकार क्रीडाभूमी आहे. मध्यभागी खेळाची जागा आणि तिच्याभोवती एकीवर एक चढत जाणाऱ्या बैठकांची वलये, अशी तिची रचना. हजारो माणसे बसली, तरी कोणाची दृष्टी अडत नाही. ते भग्न अवशेष पाहताना महाराजांच्या मनात कोल्हापूरच्या कुस्त्या उभ्या राहिल्या, असे सांगतात. आपल्याकडे कुस्तीचा फड भरला, म्हणजे पुढचे लोक उभे राहत, मागच्यांना काही दिसत नसे. त्यावरून कलागती होत आणि गर्दी रेटत रेटत आखाड्यापर्यंत येई. लढणाऱ्याचे चित्त विचलित होई आणि पाहणाऱ्याचा विरस होई.

परत आल्यावर महाराजांनी शहराच्या मध्यभागी खासबाग येथे कुस्तीचे भव्य मैदान उभारण्याचे काम हाती घेतले. १९०७ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १९१२ मध्ये पुरे झाले. एखाद्या प्रचंड परातीसारखी या मैदानाची रचना आहे. मधोमध मातीचा आखाडा आणि चोहोबाजूंनी वर चढत जाणारी बैठक. पंचवीस-तीस हजार प्रेक्षक जमले, तरी अगदी शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही मल्लाचा प्रत्येक डाव स्पष्ट दिसतो. उद्घाटनाच्या प्रसंगी विख्यात मल्ल गामा यांचे धाकटे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. या इमामबक्षांनी दोनच वर्षांपूर्वी, १९१० साली, लंडनमध्ये स्वित्झर्लंडच्या जॉन लेम या बलाढ्य मल्लाला चीत केले होते. जगाने नावाजलेला मल्ल आपल्या गावच्या मातीत लढताना कोल्हापूरच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिला. मुलांच्या मनावर अशा एका दर्शनाचा जो ठसा उमटतो, तो शंभर व्याख्यानांनी उमटत नाही.

कुस्तीच्या मैदानाची एक जुनी रीत आहे. मोठ्या मल्लांच्या कुस्त्या शेवटी होतात. आरंभ होतो तो लहान पोरांच्या कुस्त्यांनी. हलगी कडाडू लागते. आठ-दहा वर्षांची मुले लंगोट कसून, कपाळाला माती लावून आखाड्यात येतात. जाणती माणसे त्यांची उंची आणि अंगलट पाहून जोड ठरवतात. एकमेकांच्या हातावर माती देऊन कुस्ती सुरू होते. जिंकणाऱ्याला लहानसे बक्षीस मिळते आणि हरलेल्याच्याही पाठीवर थाप पडते. त्या लहान मुलाला एवढ्या मोठ्या समुदायासमोर उभे राहण्याची सवय होते. पुढे कुस्त्यांचा दर्जा आणि बक्षिसाची रक्कम वाढत जाते आणि सूर्य कलता कलता नामवंतांची जोड लागते. ज्या मातीत दुपारी आपण लोळलो, त्याच मातीत सायंकाळी आपला आदर्श लढताना मुलगा पाहतो. आपल्यापासून त्या मल्लापर्यंत एक वाट जाते आणि ती चालून जाता येते, हे त्याला न सांगता कळते. महाराजांनी बांधलेल्या मैदानाने या रीतीला कायमचे आणि प्रशस्त घर मिळवून दिले.

दुष्काळ आणि रोगराई सोसलेल्या राज्याच्या राजाने कुस्तीसारख्या खेळावर पैसा का खर्चावा, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. या प्रश्नाचे उत्तर महाराजांच्या इतर कार्यात सापडते. १९०१ साली त्यांनी मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना चालना दिली. पुढे मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे निघाली. १९०२ मध्ये, ते विलायतेत असतानाच, २६ जुलै रोजी त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला. राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. १९०७ मध्ये त्यांनी भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाची योजना हाती घेतली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा आणि दवाखाने यांत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली.

वसतिगृह आणि तालीम या दोन्हींमागे एकच विचार होता. बुद्धी असलेल्या मुलाला राहायला खोली आणि जेवायला ताट मिळाले, तर तो शिकतो. बळ असलेल्या मुलाला हौद आणि खुराक मिळाला, तर तो मल्ल होतो. देवाने गुण वाटताना घराणे पाहिले नाही. मग माणसाने संधी वाटताना ते का पाहावे? आखाड्याला तर हा न्याय फार मानवतो. मातीत उतरलेल्या दोन मल्लांपैकी कोण कोणत्या जातीचा, कोण कोणत्या धर्माचा, हे मातीला कळत नाही. ज्याची पाठ लागली, तो हरला. एवढा स्वच्छ निकाल त्या काळच्या समाजात दुसरीकडे क्वचितच मिळत असे. महाराजांच्या आश्रयाला हिंदू मल्ल होते, मुसलमान मल्ल होते, तसे अगदी सामान्य कष्टकरी घरांतील मल्लही होते. गायनात उस्ताद अल्लादिया खाँ, नाट्यकलेत केशवराव भोसले आणि चित्रकलेत आबालाल रहिमान यांना त्यांनी ज्या भावनेने जवळ केले, त्याच भावनेने त्यांनी पहिलवानांनाही जवळ केले. गुण दिसला, की तो जोपासायचा, हे त्यांचे व्रत होते.

महाराजांच्या वैयक्तिक जीवनात मात्र दुःखाचे मोठे घाव बसले. १९१८ साली त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी हे शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते. ऐन तारुण्यातील मुलगा डोळ्यांदेखत गेल्यावर एखादा पिता जगाकडे पाठ फिरवून बसला असता. महाराजांनी दुःख गिळले आणि विधवा झालेल्या आपल्या सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाकडे जातीने लक्ष दिले. त्या काळच्या रूढीला हे मानवणारे नव्हते. तरीही ते डगमगले नाहीत. १९१९ मध्ये कानपूर येथे कुर्मी समाजाच्या परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी देण्यात आली. परंतु अविश्रांत श्रमांनी आणि दुःखाने ते बलदंड शरीर आता थकत चालले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते.

महाराज गेले, परंतु त्यांनी उभी केलेली व्यवस्था राहिली. तालमी चालू राहिल्या, खासबागेत हलगी वाजत राहिली आणि लहान मुले कपाळाला माती लावून आखाड्यात उतरत राहिली. तिसऱ्या पिढीत या पेरणीला असे पीक आले, की सर्व देशाने ते पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव महाविद्यालयीन शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बेताच्या उंचीचा, चणीने लहान असा हा तरुण चपळाईत मात्र कोणाला हार जाणारा नव्हता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या छत्रपतींनी त्यांना प्रवासासाठी साहाय्य केले.

लंडनला एक नवीच अडचण पुढे आली. तेथील कुस्ती मातीत नव्हती. ती गादीवर होती. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो सरकतो. मातीतील कुस्ती निकाल लागेपर्यंत चाले. येथे ठरावीक वेळ होता आणि पंचांचा निर्णय होता. या प्रकाराचा पुरेसा सराव नसतानाही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर त्यांनी उणिवेचा शोक केला नाही. नव्या नियमांचा कसून अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या खेळासाठी शिक्षकाने राहते घर गहाण टाकावे, ही गोष्ट ज्या नगरीत घडली, त्या नगरीत गुणी मुलाला मागे पडू न देण्याची शिकवण किती खोल रुजली होती, याची कल्पना येते. खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. यानंतर असे पदक मिळण्यासाठी देशाला चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळवले.

खाशाबांच्या पाठोपाठ कोल्हापूरच्या तालमींतून एकाहून एक सरस मल्ल निघाले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हे पहिले हिंदकेसरी झाले. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई सामन्यांत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनीही सुवर्णपदके पटकावली. यांपैकी कोणालाही शाहू महाराजांनी पाहिले नव्हते; त्यांपैकी कोणाचा त्यांच्या हयातीत जन्मही झालेला नव्हता. खंचनाळे सीमाभागातील एकसंब्याचे, माने आणि आंदळकर सांगली जिल्ह्यातील खेड्यांचे. लांबलांबच्या गावांतील ही मुले कोल्हापूरच्या तालमीत आली, कारण तेथे खाणे, राहणे, शिकणे आणि लढणे यांची एक घडी महाराजांच्या काळापासून बसलेली होती. आंदळकरांनी तर पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद होऊन नव्या मल्लांच्या पिढ्या घडवल्या. शिष्य गुरू झाला आणि दिव्याने दिवा लागत गेला.

कोणत्याही खेळाचे भवितव्य त्याच्या आजच्या विजेत्यांवर अवलंबून नसते. ते आज मैदानात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलांवर अवलंबून असते. त्या मुलांना पोटभर अन्न, जाणता गुरू, तोलामोलाचा प्रतिस्पर्धी आणि कोणालाही मज्जाव नसलेले मैदान हवे. काळ बदलला, म्हणजे मातीबरोबर गादीही हवी आणि मुलांबरोबर मुलींनाही वाव हवा. कोल्हापूरच्या परिसरात आज मुलीही लंगोटीऐवजी कुस्तीचा आधुनिक पोशाख घालून आखाड्यात उतरतात, हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल आहे. शाहू महाराजांनी सत्ता असताना स्वतःसाठी महाल उठवण्यापेक्षा दुसऱ्यांच्या मुलांसाठी मैदान उभारणे अधिक मोलाचे मानले. त्या मैदानाच्या मातीत आजवर किती मुले पडली आणि किती उठली, याची गणती कोणी ठेवलेली नाही. परंतु पडलेल्या प्रत्येक मुलाला पुन्हा उठून लढण्यासाठी तेथे जागा मिळाली, हे महाराजांच्या मोठेपणाचे खरे स्मारक आहे.